बॅरलमधली रांगोळी

"माई, तू जरा लांब बस. पांढरं उडेल लुगड्यावर," असं म्हणून यांनी मोटरचं बटण दाबलं.

मोटर घुरघुरली, निळं बॅरल दोनदा थरथरलं आणि परतीच्या पाइपातून अंगणातल्या पोहायच्या तलावात दूध पडायला लागलं. दूधच म्हणायचं त्याला, दुसरा शब्द नाही. बघता बघता सगळा तलाव पांढराफटक झाला. मी दोरीवरचे कपडे काढत होते, ते तसेच हातात राहिले. आणि आमचे हे कमरेवर हात ठेवून त्या दुधाकडे बघत शांतपणे म्हणाले, "रांगोळी जरा जास्तच बारीक निघाली म्हणायची."

"रांगोळी?" मी किंचाळलेच. "त्या बॅरलमध्ये रांगोळी घातलीत तुम्ही?"

"अगं, गारगोटीचाच चुरा की तो. फिल्टरला पांढरी वाळूच लागते, गारगोटीची. म्हटलं, एवढं लांब कशाला जा, बाजारात पोत्यानं मिळते."

"पोत्यानं? किती घातलीत?"

"दोन पोती."

"दोन पोती! अहो, अख्ख्या गल्लीची दिवाळी झाली असती तेवढ्यात!"

त्यांनी मोटर बंद केली. तलावाच्या काठावर बोट फिरवलं, पँटला पुसलं आणि म्हणाले, "आता पाणी बदलावं लागणार."

पाणी बदलावं लागणार! जसं काही पाणी म्हणजे टेबलावरचा तांब्याच. आमची बोअर म्हणजे करंगळीएवढी धार. तो तलाव भरायचा तर चार-पाच दिवस मोटर चालू-बंद करत बसावं लागायचं, आणि ती बसणारी मी. मी जे तोंड सोडलं ते शेजारच्या आक्का कुंपणापाशी येऊन उभ्या राहीपर्यंत थांबलेच नाही. माई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. हे खरं तर नवलच होतं. आमच्या घरात चमचा खाली पडला तरी त्यावर माईंचं काही ना काही म्हणणं असायचं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तो तलाव केव्हाच भंगारात गेला. पण तेव्हाचा माझा संताप आठवला की आजही हाताची भाकरी वाकडी होते.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. नदीपलीकडच्या गावात स्वतःच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेलेला. आठवडी बाजारात दुकान मांडून त्यांनी एकुलत्या एका मुलाला शिकवलं, आयटीआयमध्ये निदेशक होण्याइतका मोठा केला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या काकणं विकायच्या. पुढे वय झालं तसं तेही सोडलं, पण गाव काही सोडलं नाही. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला अंगणात धुण्याच्या दगडापाशी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सकाळी पडल्या होत्या, दुपारी शेजारीण ताक मागायला आली तेव्हा सापडल्या, पण त्यांना हलवायचं धाडस कुणी केलं नाही. हे धावत गेले आणि त्यांना उचलून थेट मिरजेला घेऊन आले. त्या दिवसाबद्दल हे कधी काही बोलले नाहीत. मी विचारलं तर, "पडली, उचलली, आणली," एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून सोडताना हे म्हणाले, "माई, बरी होईपर्यंत आमच्याकडे चल."

"बरी हुईपर्यंत?" माईंनी विचारलं.

"हो. मग जा की तुझ्या घरी. कोण अडवतंय?"

माई म्हणाल्या, "बरं. तुझ्या गच्चीचा जिना कुणाला न धरता चढले, की दुसऱ्या दिशी मला माझ्या घरी सोडायचं. शब्द दे."

यांनी शब्द दिला. मी शेजारीच औषधांची पिशवी घेऊन उभी होते. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं. त्यातल्या एका खोलीत माझं शिवणकाम चालायचं. ती खोली माईंना दिली आणि माझं मशीन आलं ओट्यापाशी. एका हाताने फोडणी, दुसऱ्या हाताने फॉल-बिडिंग. गिऱ्हाइकाच्या पैठणीला कढीचा वास लागला तो त्याच दिवसांत. त्यातून माई पलंगावर बसल्या बसल्या माझ्या आमटीची चव नुसत्या वासावरून सांगायच्या. "मंदा, चिंच इसरलीस बघ." आणि चिंच खरंच विसरलेली असायची, हा आणखी वेगळा संताप.

फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, ती म्हणाली, "हाड जुळलंय, पण आजी पाय टाकायलाच घाबरतात. यांना पाण्यात चालवा. छातीभर पाण्यात वजन जाणवत नाही, पडायची भीतीही नाही. उन्हाळा लागायच्या आत चालल्या तर चालल्या, नाहीतर वॉकर कायमचा."

आमच्या गावात पोहायचा तलाव कुठला असायला? पुण्याला असलेल्या आमच्या मुलाने, पराग्याने, ऑनलाइन एक खोकं पाठवलं. लोखंडी पायांचा, जाड निळ्या कापडाचा गोल तलाव. जमिनीत खणायचा नाही, अंगणातच उभा करायचा. आत माईंच्या छातीला लागेल एवढं पाणी. यांनी त्याला लाकडी पायऱ्या केल्या आणि आडवा धरायला लोखंडी दांडा वेल्ड केला. माईंनी त्याचं नाव ठेवलं काहील.

"गूळ काढायच्या काहिलीत बसवणार मला," त्या शेजारच्या आक्कांना सांगायच्या. "आता खाली जाळ तेवढा लावायचा ऱ्हायलाय."

पण उतरल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, दांडा दोन्ही हातांनी धरून, देवाचं नाव घेत उतरल्या. आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तोंड वाकडं न करता चालल्या. दुपारभर उन्हाने पाणी कोमट झालेलं असायचं. हे आयटीआयमधून आले की माईंची काहिलीतली फेरी ठरलेली. हे बाहेर उभे राहून दांड्यापाशी हात ठेवायचे. मी सगळ्या देवांना हात जोडले. म्हटलं, होळीच्या आत माझी खोली मला परत.

पण आमच्या गावाला साखर कारखाना आहे, हे कोणी लक्षातच घेतलं नाही. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस काजळी पडते. काळे, हलके पापुद्रे. वाळत घातलेल्या कपड्यांवर, भांड्यांवर, डोक्यात. तलावाच्या पाण्यावर तर काळी सायच धरायची. तलावासोबत आलेला कागदी फिल्टर दोन दिवसांत काळाठिक्कर पडला. मग पाणी हिरवं झालं. आणि माई पायरीवरून परत फिरल्या.

"ह्या शेवाळ्यात मी जायची न्हाई. गावच्या तळ्यात म्हशी असं बसत्यात."

तेव्हा आमच्या यांनी जाहीर केलं, "मी वाळूचा फिल्टर बनवतो."

"विकत मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळतो. पण मी फिटर शिकवतो, मंदा. पोरांना सांगू का मी, सरांनी फिल्टर विकत आणला म्हणून?"

इथून माझ्या छळाला सुरुवात झाली. एक मोठं निळं बॅरल आलं. पाइप आले. कोपर, टी, व्हॉल्व्ह, कसलं कसलं सोल्युशन. माझ्या ओट्यावर, माझ्या मशीनशेजारी हे पाइपला करवतीने बारीक बारीक चिरा पाडत बसायचे. या चिरा असलेले पाइप बॅरलच्या तळाशी बसवायचे, त्यावर खडी, खडीवर वाळू. वरून घाण पाणी सोडायचं, वाळूत घाण अडकायची, तळातून स्वच्छ पाणी तलावात परत. सांगायला एवढं सोपं. पण त्या चिरांची प्लास्टिकची भुकटी माझ्या कणकेतसुद्धा सापडली.

पहिल्यांदा मोटर लावली तेव्हा बॅरलचं झाकण उडालं. ते सरळ आक्कांच्या पेरूच्या झाडावर जाऊन बसलं आणि पाण्याचं कारंजं गच्चीपर्यंत गेलं. हे चिंब भिजून उभे होते. मला हसायला आलं, पण यांचं तोंड बघून मी हसू गिळलं. कुणीतरी परीक्षेत नापास केल्यासारखं तोंड झालं होतं. त्या दिवशी रात्री जेवलेसुद्धा नाहीत.

मग त्यांनी झाकणाला लोखंडी पट्टी बसवली, रबर बसवलं. पुन्हा पाणी भरलं. फिल्टर नसला तरी ताज्या पाण्यात काही दिवस तरी निघायचे. आणि त्याच दिवसांत एका संध्याकाळी माईंनी दांडा सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. मधोमध पोहोचल्या, दोन्ही हात वर केले आणि हात हलवतच पलीकडे गेल्या. पोरीसारख्या हसत होत्या. मी टाळ्या वाजवल्या. हे टॉवेल घेऊन उभे होते, ते नुसते "हळू, हळू" म्हणत राहिले.

पाणी पुन्हा हिरवं झालं. मग यांनी बॅरलमध्ये बांधकामाची क्रश सँड भरली. न धुता. दगडाची भुकटीच ती. तलावात सिमेंट कालवल्यासारखं करडं पाणी आलं. तलाव रिकामा केला, पुन्हा भरला. तोवर माईंचा पाय बसून बसून आखडला. फिजिओवाली मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मधे खंड पडून चालणार नाही. पुन्हा पहिल्यापासून करावं लागतंय." आणि त्यानंतर आली ती ही रांगोळी.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्याबरोबर मी पिशवी उचलली आणि कासमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. ठरवलंच होतं, की आज काय वाट्टेल ते होऊ दे, तयार फिल्टर घेऊनच यायचं. यांच्या पोरांपुढे यांचं नाक कापलं गेलं तर कापू दे.

कासमभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तयार कशाला भाभी? सरांनी सगळं बनवलंय की. फक्त वाळूच टाकायची राहिलीय. ती तर माझ्याकडे कधीची आणून ठेवलीय."

"कसली वाळू?"

"फिल्टरची. तिळाएवढ्या दाण्याची, चाळलेली. सरांनीच मागवली. दोन गोणी." त्यांनी काउंटरच्या मागे बोट दाखवलं. तिथे खरंच दोन गोणी होत्या आणि त्यांच्यावर मांजर झोपलं होतं. "मी दोनदा सांगितलं, सर, घेऊन जा, जागा अडतेय. म्हणतात, राहू दे, नंतर नेतो."

"कधीपासून?"

"झाला की महिना."

महिना! म्हणजे क्रश सँड भरली तेव्हाही ही वाळू इथेच होती. रांगोळीची पोती आणली तेव्हाही. मी रिक्षा केली, दोन्ही गोणी टाकल्या आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात यांच्याशी जे भांडले, त्यातलं एक वाक्यही इथे लिहिण्यासारखं नाही.

माई ओसरीवर वॉकर समोर ठेवून बसल्या होत्या. मी रिक्षातून उतरता उतरताच सुरू झाले.

"बघितलंत तुमच्या चिरंजीवांचे पराक्रम? ही वाळू महिनाभर दुकानात पडून आहे! आणि हे घरी रांगोळी आणतात! माणसाला एवढंही कळू नये? रांगोळी आणि वाळू एकच का?"

"त्याला कळतंय की," माई म्हणाल्या.

"काय?"

"अगं, तुला म्हायती न्हाई. तू यायच्या आधी मी काकणं न्हवती इकत. मी रांगोळीच इकायची." माई वॉकरच्या दांडीवर हात ठेवून सांगायला लागल्या. "शिरगोळ्याची पांढरी दगडं आणायची, कुटायची, चाळायची. सगळं घर पांढरं. हे पोरगं रांगोळीच्या पोत्यावर झोपायचं. एक दिस वळीव आला आन बाजारात निम्मं पोतं भिजलं, तवा मी रडले, तर मलाच म्हणाला, 'माई, दूध झालं बघ.' पाच-सा वर्साचा असंल. त्याला सांगायचं व्हय, रांगोळी पाण्यात घातली की काय हुतं ते?"

मी गोणीवरच बसले.

"काल मोटर लावायच्या आधी काय म्हणाला?" माईंनी विचारलं. "पांढरं उडंल म्हणाला. दूध यायच्या आधीच म्हणाला."

"म्हणजे मुद्दाम?"

"पैल्यांदा झाकण उडालं, ती खरी चूक. तोंड बघितलंस न्हवं? त्याच्या बापाचं आसंच व्हायचं. पर मी दांडा सोडला, त्या दिसापासनं ह्याचं सगळं चुकाया लागलं."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि उजेड पडला तसा राग आणखी चढला. माई चालल्या की जिना चढणार, जिना चढल्या की घरी जाणार. शब्द दिलाय. शब्द मोडता येत नाही, म्हणून फिल्टर मोडायचा!

"मग सरळ म्हणता येत नाही का त्यांना?" मी ओरडले. "माई, जाऊ नकोस, इथेच राहा. एवढे चार शब्द! त्यापेक्षा बॅरल बनवणं सोपं? तलाव रिकामा करणं सोपं? मी रात्री उठून ती बोअर चालू-बंद करते, मी कढईशेजारी शिवते, आणि हे इकडे..."

"न्हाई म्हणता येत त्याला," माई म्हणाल्या. "लहानपणापासनंच न्हाई. भूक लागली तरी म्हणायचा न्हाई. चुलीपुढं येऊन हुबा ऱ्हायाचा."

"आणि तुम्ही? तुम्हाला कळलंय ना? मग तुम्हीच म्हणा की, राहते म्हणून!"

माईंनी मान वर केली. त्यांचे डोळे एकदम कडक झाले. "मला कुणी ऱ्हा म्हणलंय? बरी हुईपर्यंत चल म्हणाला. बरी हुईपर्यंत तर पावणीबी ऱ्हाती. आन मंदा, खरं सांगू का? मला ऱ्हायचंबी न्हाई. माझं घर हाय तिकडं. पर बोलावलंच न्हाई तर न्हाई म्हणायचं तरी कुणाला?"

मी कपाळाला हात लावला. एक आई, एक मुलगा. एकाला विचारता येत नाही, दुसरीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. आणि या दोघांच्या मधे मी, एक निळं बॅरल आणि दोन पोती रांगोळी.

"आज त्यांना येऊ द्यात," मी म्हणाले. "मी सोक्षमोक्षच लावते."

"लावू नको." माईंनी माझा हात धरला. त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. "तू काढून घेतलंस तर ते तुझं हुईल. मला त्याचं पायजे. तू एवढं कर, ती वाळू भर. मला चालायचं हाय. उन्हाळा आला मंदा, आता मला ह्यो पाय गमवायचा न्हाई."

मग आम्ही दोघींनी बॅरल रिकामं केलं. सोपं नव्हतं ते. रांगोळीचा ओला गोळा फावड्याने काढावा लागला, आणि कढीपत्त्याचं झाड कमरेपर्यंत पांढरं झालं. माईंनी खुर्ची नळापाशी ओढून घेतली आणि घमेल्यात वाळू घेऊन धुवायला बसल्या. मी पाणी ओतायची, त्या हाताने ढवळून वरचं गढूळ पाणी सोडून द्यायच्या. धुता धुता माझ्या आमटीवर बोलल्या, आक्कांच्या सुनेवर बोलल्या, पराग्याच्या लग्नावर बोलल्या. मी वैतागून म्हणाले, "माई, जरा गप्प बसून धुवा की." तर म्हणाल्या, "गप बसायचं आमच्या घरात एकालाच जमतं, आन त्यानं काय झालं ते तू बघतीयस." त्यावर मात्र मला हसू आलं.

झाकण लावलं, पट्टी आवळली. तलावातलं पांढरं पाणी सोडून नवं भरायला मात्र चार-पाच दिवस गेले. ते भरलं आणि मी यांच्या यायच्या वेळेच्या जरा आधी मोटर लावली. पाणी आलं. आधी थोडं गढूळ, मग पातळ, मग इतकं स्वच्छ, की तळाच्या निळ्या कापडावरची घडी दिसायला लागली.

हे स्कूटर लावून आत आले. पाइपापाशी वाकले. ओंजळीत पाणी घेऊन बघितलं. मग बॅरलपाशी गेले, एका जोडातून थेंब पडत होता, तो पाना घेऊन आवळला.

"वाळू कुठली?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"कासमभाईंकडची. तुमच्याच नावाची ठेवलेली होती."

पाना हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी बोलतील. माईही बघत होत्या. हे म्हणाले, "चांगली आहे." आणि मोटर बंद करून माईंसाठी टॉवेल आणायला आत गेले. मी माईंकडे बघितलं. माईंनी फक्त हात हलवला, जाऊ दे म्हणून.

फिल्टर उत्तम चालला. काजळी पडायची, वाळूत अडकायची, रविवारी हे उलटं पाणी सोडून वाळू धुवायचे. एकदाही चुकले नाहीत. चोरी पकडलेल्या पोरासारखे निमूट सगळं करत होते. माई रोज काहिलीत चालायच्या. मग वॉकर सुटला, मग काठी आली, मग काठी कोपऱ्यात पडून राहायला लागली. शिमग्याच्या आदल्या दिवशी माई जेवण झाल्यावर उठल्या, हात पदराला पुसले आणि जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"जयवंता, ये बघायला."

हे खाली उभे राहिले, मी मागे. माई चढल्या. मधे एकदा थांबल्या, यांचा हात पुढे झाला. "धरू नको," माई म्हणाल्या, आणि वर गेल्या. वरून गच्चीच्या कठड्यावरून आमच्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवणार होते, पण हात उचलेनात. हे खालीच उभे होते, रिकाम्या पायऱ्यांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी आम्ही माईंना सोडायला गेलो. आक्कांच्या मुलाची गाडी मागून घेतली होती. माईंनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, दारं-खिडक्या उघडल्या, देवापुढे दिवा लावला. मी घर झाडून घेतलं. यांनी गॅस बघितला, टाकी बघितली, दिवे लावून-बंद करून बघितले. सगळं बघून झालं तरी जायचं नाव घेईनात. शेवटी अंगणात गेले आणि धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. मी दारातून बघत होते. मला त्यांचा इतका राग आला होता, की आता चप्पल घालून सरळ गाडीत जाऊन बसावं आणि हॉर्न वाजवत राहावं.

"माई," हे तिथूनच म्हणाले. "त्या दिवशी मी आलो तेव्हा तू इथे होतीस."

"व्हय."

"तुझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं..." पुढचं काही निघेना. माई मधे पडल्या नाहीत, मदत केली नाही, नुसत्या वाट बघत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग हे म्हणाले, "माई, तू आमच्याकडे राहा. बरी झालीस तरी राहा. कायमची राहा."

माईंनी पदराने तोंड पुसलं. "एवढंच व्हतं व्हय रं? ह्याच्यासाठी मला रांगोळीत बुचकाळलास?"

"तुला कळलं होतं?"

"तुझ्या बायकोलाबी कळलंय. दुकानातल्या त्या मांजरालाबी कळलं असंल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन तुझं काय गं? तूबी म्हण की. का त्यानं म्हणलं म्हंजे झालं?"

मला वाटलं नव्हतं माझ्यावर पाळी येईल. गोड बोलायला हवं होतं, कळत होतं. पण माझ्या तोंडून आलं ते असं, "माई, मी खोटं नाही बोलणार. ती खोली मला हवी आहे. तुमच्या बोलण्यानं माझं डोकं उठतं. पण तुम्ही आलात तर मी मशीन उचलून पुन्हा ओट्यापाशी नेईन. आणि कटकट करत नेईन. हे धरून यायचं असेल तर या."

माई इतक्या मोठ्याने हसल्या, की शेजारीण बाहेर आली.

"मी यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं घर हाय हे. हितंच ऱ्हाणार. पर दोघांनी बोलावलं. आता कसं, माझ्या मर्जीनं ऱ्हातीय म्हणता येतंय." मग यांच्या पाठीवर एक धपका घातला. "जा आता. अंधार पडंल. आन दर रविवारी येऊन जायाचं. मुकाट्यानं न्हाई, बोलायचं."

त्या पुढे आठ वर्षं तिथे राहिल्या, स्वतःच्या पायांवर. रविवारी आम्ही जायचो. हे जायचे आणि बोलायचे. पहिल्या पहिल्यांदा हवा, पाणी, टाकी, गॅस असलंच काहीतरी. पण बोलायचे.

त्या संध्याकाळी मात्र परत येताना पूल ओलांडला आणि माझ्या लक्षात आलं, की गाडी एकदा डावीकडे जातेय, एकदा उजवीकडे. मी बघितलं तर हे रडत होते. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी गालांवरून वाहत होतं आणि हात स्टिअरिंगवर घट्ट. समोरून उसाचे दोन ट्रॅक्टर येत होते.

"अहो!" मी ओरडले. "रडायचं असेल तर गाडी बाजूला घेऊन रडा की! तेवढंसुद्धा सांगायचं नाही का?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "रडतोय," ते म्हणाले.

"दिसतंय मला," मी म्हणाले, आणि पदर तोंडाला लावून मीही रडत बसले.